खंडेनवमीला मागाची पूजा केली नाही. चुकलं का माझं?

जॉबर_अक्कलकोटरोड
जय ख्रिस्त, नमस्कार. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे, माग दुरुस्त करतो, सोळा वर्षं झाली. खंडेनवमीला आमच्याकडे माग बंद असतात. आदल्या रात्री सुताची धूळ झटकायची, तेलपाणी करायचं, सकाळी झेंडूचे हार, हळदीकुंकू, प्रत्येक मागापुढे नारळ. पूजा शेठ आणि जुने कामगार करतात. मी बाजूला उभा असायचो, कुणी कधी विचारलं नाही.

यंदा शेठच म्हणाले, "माग चालू ठेवतोस तू, तर नारळ तूच फोड." मान देत होते हो. म्हणून तर अवघड झालं. दरडावून सांगितलं असतं तर नाही म्हणणं सोपं गेलं असतं. मी म्हणालो, "शेठ, पुसणं-झाडणं माझ्याकडे, हार मी आणून देतो, पण हात जोडायला सांगू नका." ते काही बोलले नाहीत. नारळ शेजारच्याच्या हातात दिला. त्या दिवसापासून मी गेलो की चहाच्या टपरीवर गप्पा बंद होतात. एकाने तोंडावर विचारलं, "मागाचं खातोस अन् मागाला नमस्कार करायला लाजलालास काय बे?"

रविवारी मंडळीत सांगितलं. वाटलं कुणी पाठीवर हात ठेवेल. तर दोघे वडीलधारे म्हणाले, एवढं ताणायचं नसतं, नारळ फोडला असता म्हणून स्वर्गाचं दार बंद होणार होतं का? कारखान्यातही एकटा आणि चर्चमध्येही. बायको म्हणते केलंस ते बरोबर, फक्त दिवाळीचा बोनस हातात पडल्यावर करायचं होतंस. आता खंडेनवमी दिवाळीनंतर येत नाही, त्याला मी काय करू!

माझं म्हणणं एवढंच. लोखंडापुढे हात जोडून बरकत मागायची, तर रात्री प्रार्थनेत मी मागतो ते कुणाकडे?

शेंगाचटणी
मालक, राग मानू नका, पण तुम्ही राईचा पर्वत केलाय. खंडेनवमी म्हणजे हत्याराची आठवण. शेतकरी बैलाची करतो, रिक्षावाला रिक्षाची करतो. आमचे आजोबा मिलमध्ये होते. त्यांच्या खात्यात लिंबू-मिरची बांधायचं काम एका मुसलमान जॉबरकडे होतं, आणि तो पाच वेळा नमाज पढायचा. त्याचा धर्म काही बुडाला नाही. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत पाळण्यात बसताना तुमच्या पोरांना धर्म आठवतो का? चार माणसांत राहायचं तर चार माणसांसारखं वागावं.

जॉबर_अक्कलकोटरोड
गड्ड्याला दरवर्षी येतो, पोरांना घेऊनच. नंदीध्वज निघाले की रस्त्याच्या कडेला उभं राहून बघतो, तो भार पेलणाऱ्यांचं कौतुकही करतो. पण पाळण्यात बसणं आणि सिद्धेश्वराच्या लग्नात संमती कट्ट्यावर अक्षता टाकणं यातला फरक तुम्हालाही कळतो. तुमच्या आजोबांच्या मित्राला जे पटलं ते त्याने केलं. मला पटत नाही ते मी केलं नाही, बास.

नवीपेठ_काका
मंडळीत तुला जे बोलले त्यांच्यातला मी नव्हे, पण मत तेच आहे. बेटा, पवित्र शास्त्रात नामान आहे बघ. अरामाचा सेनापती, कोडी. यार्देनेत सात वेळा बुडी मारून बरा झाला, खऱ्या देवाला मानू लागला. जाताना अलीशाला म्हणतो, माझा राजा रिम्मोनाच्या देवळात माझ्या हातावर टेकून नमन करतो, तेव्हा मलाही वाकावं लागतं, तेवढी क्षमा असावी. अलीशा काय म्हणाला? शांतीने जा. चिडला नाही, व्याख्यान दिलं नाही. सोलापुरात अमेरिकन मराठी मिशनचं काम एकोणिसाव्या शतकात सुरू झालं. तेव्हापासून आपण मूठभर माणसं इथे टिकलो, ती शेजाऱ्यापाजाऱ्यांना धरून राहिलो म्हणून. नामानाला जे चाललं ते तुला का चालू नये?

जॉबर_अक्कलकोटरोड
काका, तुम्हीच नीट वाचा. नामानाने क्षमा मागितली. ज्यात काही चुकीचं नाही त्याची क्षमा कोण मागतं? शिवाय त्याला राजाला हाताने आधार द्यायचा होता, ते त्याचं कामच. माझं काम माग दुरुस्त करायचं आहे.

रोजची_प्रार्थना
बरोबर बोललात दादा. दानीएलाच्या तिसऱ्या अध्यायातले शद्रख, मेशख आणि अबेदनगो हे राजाचे अधिकारीच होते. बाबेलचा कारभार इमानाने सांभाळत होते, एका सोन्याच्या मूर्तीपुढे तेवढे वाकले नाहीत. आणि राजाला सांगितलं, आमचा देव सोडवायला समर्थ आहे, पण नाही सोडवलं तरी आम्ही वाकणार नाही. ते "नाही सोडवलं तरी" आपल्या मंडळीत आजकाल कुणाला आठवत नाही.

शेंगाचटणी
ताई, तिथे भट्टी सातपट तापवली होती. इथे शेठने नारळ पुढे केला. प्रेमाने दिलेल्या नारळाची भट्टी करू नका. आपला छळ होतोय असं स्वतःलाच सांगत बसायची सवय लागली की शेजारी शत्रू दिसायला लागतो.

कन्ना_चौक
मी स्वतः कारखानदार, चोवीस माग. शेठच्या बाजूने लिहितो. मागात आडवं सूत नेणारा धोटा उडून कामगाराचा डोळा गेलेला मी बघितलाय. माझ्याच कारखान्यात. त्याला दवाखान्यात नेताना रिक्षात मी मांडी दिली होती, रक्त माझ्या पँटला. त्यानंतर एकही खंडेनवमी चुकवली नाही. पूजेने धोटा थांबतो असं मी म्हणत नाही, पण त्या दिवशी सगळे एकत्र उभे राहतात, तेवढा धीर लागतो हो. आणि दुसरं, शेठने चारचौघांत मान दिला, तो तुम्ही चारचौघांत परत केला. आदल्या रात्री माग पुसताना एकटं गाठून सांगायला काय झालं होतं? ते कुणाला कळलंही नसतं.

जॉबर_अक्कलकोटरोड
हे मान्य. नारळ माझ्याकडे येईल याची कल्पना नव्हती हे खरं, पण सोळा वर्षं बाजूला उभं राहताना एकदा तरी सांगायला हवं होतं. शेठला उद्या जाऊन बोलतो. त्या कामगाराचं वाईट वाटलं. धोट्यासाठी मी दर शनिवारी प्रत्येक मागाचा पिकर, म्हणजे धोट्याला ढकलणारा भाग, हाताने चाचपून बघतो, झिजला असेल तर शेठला न विचारता बदलतो. माझी खंडेनवमी म्हणा हवं तर.

सातरस्ता
कायद्याचं थोडं. केरळमध्ये 1985 मध्ये तीन भावंडांना शाळेतून काढलं होतं. राष्ट्रगीत चालू असताना ती अदबीने उभी राहायची, पण गायची नाहीत, त्यांच्या श्रद्धेत ते बसत नव्हतं. 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. सार असं की आपली परंपरा सहिष्णुता शिकवते, त्यात पाणी घालू नका. उभं राहणं हा मान झाला, ओठ हलवायची सक्ती नाही. जॉबरभाऊंनी वेगळं काय केलं?

आणि बहुमताचंच म्हणाल तर आपल्या जिल्ह्यात पंढरपूर आहे. "सत्य असत्याशी मन केले ग्वाही, मानियेले नाही बहुमता" हे तुकोबांचंच ना?

शेंगाचटणी
तुकोबा मध्ये आणू नका. ते आपल्या धर्मात राहून आपल्याच लोकांशी भांडले. आणि कोर्टाचा निकाल पीस रेटवर काम करणाऱ्याच्या काय कामाचा? उद्या शेठ म्हणाले काम कमी आहे, तर कोणत्या कलमाखाली जाणार?

सातरस्ता
ते दुसरं खरं आहे, उत्तर नाही माझ्याकडे. पहिल्याबद्दल मात्र बोलतो. ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण ते स्वतः सांगत की तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. पत्नी लक्ष्मीबाईंवर त्यांनी जबरदस्ती केली नाही, त्या काही वर्षांनी स्वतःच्या मनाने आल्या. आणि मिशनमध्ये गेल्यावर तिथल्या बहुमताशीही टिळकांचं जमलं नाही, 1917 मध्ये मिशन सोडून 'देवाचा दरबार' काढला. जॉबरभाऊ, दोन्हीकडे एकटे पडलेले तुम्ही पहिले नाही.

नवीपेठ_काका
टिळकांना मिशन सोडता आलं, आम्हाला मंडळी सोडता येत नाही. उद्या याच्या घरी कुणी गेलं तर खांदा द्यायला तेच मंडळीवाले लागतात आणि तेच कारखान्यातले.

विजापूरवेस
मी गप्प वाचत होते. जॉबरदादा, तुमचं वाचून बरं वाटलं आणि रागही आला. तुमचा नारळ एका सकाळीचा. आमच्याकडे रोजचा आहे. सासरी तिसरी पिढी चर्चला जाणारी, सासूबाई मंडळीत सेविका होत्या, आणि दाखल्यावर हिंदू. कारण राष्ट्रपतींच्या 1950 च्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती आधी हिंदूंनाच, 1956 ला शीख, 1990 ला बौद्ध आले, ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर. ख्रिस्ती लिहिलं तर ओबीसीत बसवतात, फी आणि जागांचा हिशेब सगळा बदलतो. आमच्या आजेसासऱ्यांना गावातल्या विहिरीवर पाणी भरू दिलं नव्हतं, ते काही बाप्तिस्म्याने पुसलं गेलं नाही.

तुम्ही ठाम राहिलात म्हणून टाळ्या वाजवणारे पुष्कळ आहेत. त्यातल्या किती जणांच्या दाखल्यावर काय लिहिलंय, ते विचारून बघा एकदा मंडळीत.

रोजची_प्रार्थना
ताई, कागदावर खोटं लिहून साक्ष कशी राहते? कठोर वाटेल, पण विचारते.

विजापूरवेस
विचारा ना. माझा मुलगाही हेच विचारतो. तो बारावी झालाय, चर्चमध्ये ढोलकी वाजवतो, म्हणतो मम्मी मी ख्रिस्तीच लिहिणार. त्याचे पप्पा म्हणतात चार वर्षांची फी तू भरणार का? दोघेही बरोबर बोलतात आणि जेवायला वेगवेगळ्या वेळी बसतात.

जॉबर_अक्कलकोटरोड
ताई, तुमच्यापुढे माझं नारळाचं रडगाणं लाज वाटायला लावतं. मला ह्यातलं काही बोलायचा अधिकार नाही. पोराला माझा जय ख्रिस्त सांगा. काय लिहिलं त्याने?

विजापूरवेस
शुक्रवारी मुदत संपते. बाकी सगळं भरलंय. धर्माचा रकाना तेवढा पेन्सिलने लिहून खोडलाय, दोनदा.