सायकलच्या चेन-टायरचा हिशोब ठेवणाऱ्या अ‍ॅपचं नवीन अपडेट

प्रश्न: अपडेटनंतर प्रत्येक पार्टचे किमी वेगळे दिसतायत, मस्त! ट्रेनरवरची (घरात सायकल स्टँडवर लावून जागच्या जागी केलेली) राईड वगळायचा ऑप्शनपण आलाय, तो चेनला लावायचा का?

उत्तर: नको नको. ट्रेनरवर पुढचा टायर आणि ब्रेक पॅड झिजत नाहीत, ते वगळ, पण चेन तर फिरतेच ना, तिचे किमी मोजलेच पाहिजेत.

उत्तर: मला दोन चेन आलटून पालटून वापरायची नोंद जाम आवडली, चेनला तेलाऐवजी वॅक्स (मेण) लावणाऱ्यांना तर फारच कामाची. फक्त किमीवर विसंबू नका हां, पावसाचिखलात चेन कितीतरी लवकर झिजते, गेज (चेन किती लांबली ते मोजायची पट्टी) लावून बघाच, ११-१२ स्पीडला (मागे ११-१२ गिअर असलेल्या सायकलला) ०.५ टक्के लांबली की बदलायची, नाहीतर कॅसेटपण (मागच्या चाकावरची गिअरची चक्रं) खराब होते.

उत्तर: गेजचं रीडिंग तारखेसकट टाकायची सोय हवी राव, तेवढं द्याच!