रक्कम वाढवाच, पण वेळेवर द्या

आदिवासी मुलामुलींना वसतिगृहाऐवजी राहण्या-जेवणासाठी सरकारकडून खात्यात मिळणारी रक्कम वाढवा, ही मागणी पटतेच. पण हप्ता कधी येतो, हेही तितकंच महत्त्वाचं आहे. माझी रूममेट नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुव्याची होती, तिला हीच रक्कम मिळायची. मेसवाल्या मावशींच्या वहीत तिच्या नावापुढे जुलैपासून नुसती उधारी. पहिला हप्ता आला फेब्रुवारीत. तोवर संध्याकाळी ती "भूक नाही" म्हणून अभ्यासाला बसायची. मला ते फार उशिरा कळलं, अजून टोचतं.

जुलै २०१८ मध्ये, वसतिगृहातलं जेवण बंद करून खात्यात पैसे टाकण्याच्या निर्णयाविरुद्ध आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिकला पायी निघाले होते. शिजलेलं ताट उधार राहत नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. निदान पहिला हप्ता तरी प्रवेशाच्या महिन्यातच द्यायला हवा.