मुंबईतलं स्वस्त लॉज : घ्यावं की नको? आपापले अनुभव लिहा

रंकाळ्याकाठी
परवा भाच्याने मोबाईल पुढे धरला. "मावशी, बघ, दादर पूर्व, स्टेशनपासून चार मिनिटं, चौदाशे रुपये. घेऊ का?" फोटोत पांढरीशुभ्र चादर, वर टॉवेलचा हंस. माझं लक्ष मागच्या पडद्याकडे. त्या पडद्यामागे काय असतं ते मला १९९६ पासून माहीत आहे.

तेव्हा मी नववीत. आजीचे रिपोर्ट घेऊन बाबा टाटाला निघाले आणि मलाही बरोबर नेलं. महालक्ष्मीने दादरला उतरलो, परळला तिसऱ्या मजल्यावर लॉज, लिफ्ट नाही. हौसेने खिडकी उघडली तर हातभर अंतरावर डक्टची भिंत, पाईप आणि कबुतरं. मधली भिंत प्लायची. पलीकडच्या माणसाचा खोकला रात्रभर आमच्याच खोलीत. बाबा फाईल उशाखाली घेऊन झोपले. सकाळी पोऱ्या गरम पाण्याची बादली आणून द्यायचा, बादलीमागे दोन रुपये. बाबांनी एकच सांगितली, ती मला दिली. स्वतः गार पाण्याने आंघोळ करून आले नि म्हणाले, "मुंबईचं पाणी कुठं गार असतंय!" दात वाजत होते त्यांचे.

असो. पोराचा इंटरव्ह्यू फोर्टात आहे, सकाळी साडेनऊला. बजेट दीड हजार. फायदे-तोटे लिहा. "जरा चांगलं हॉटेल बघ" हे मीही सांगू शकते.

मोरपीस
चेकइन!!! गाडी सातच्या पुढे येते, रूम बाराला देतात. आधी विचारा, २४ तास आहे की दुपारी १२ ते १२. आम्ही दोन वर्षांच्या लेकीला घेऊन चार तास रिसेप्शनच्या सोफ्यावर. खोली रिकामी समोर दिसत होती. आधी हवी तर पाचशे जादा.

ठाकुर्ली_पूर्व
तुम्हाला निदान सोफा मिळाला. एका पावसाळ्यात गाड्या बंद पडल्या, दादरला तीन लॉज फिरलो. आधार बघितलं की "लोकल आयडी नहीं चलेगा". कायदाबियदा काही नाही, मालकांचा आपला नियम. कोल्हापूरचं आधार असतं तर गादी मिळाली असती. रात्र प्लॅटफॉर्मवर काढली.

मोरपीस
@ठाकुर्ली_पूर्व अरेरे. तुम्ही भाच्याचं आधार घ्या आणि त्याला तुमच्याकडे झोपायला पाठवा 😂

गॅस_बंद_केला_का
ढेकूण. फोटोत दिसत नाहीत. खोलीत गेल्यावर बॅग पलंगावर टाकायची नाही, आधी चादर उचलून मोबाईलच्या टॉर्चने गादीची शिवण बघायची. काळे ठिपके दिसले की खाली जाऊन खोली बदलून मागायची. ह्यांनी एकदा बॅगेतून घरी आणले, सहा महिने घर उन्हात. पुढचं नंतर लिहिते, कुकर झाला.

तिकीट_कन्फर्म
सीएसएमटीच्या रिटायरिंग रूम बघितल्या का? कन्फर्म किंवा आरएसी तिकिटाच्या पीएनआरवर ऑनलाईन बुक होतात. फोर्टात चालत जाता येतं. तोटा म्हणजे लवकर भरतात आणि स्वप्नातसुद्धा उद्घोषणा ऐकू येतात.
मुंबई सेंट्रलला पॉड हॉटेल आहे (पॉड म्हणजे एकट्याने झोपण्यापुरता कप्पा), रेल्वेचं पहिलं, २०२१ मध्ये सुरू झालं, ४८ पॉड. तेव्हा बारा तासांचे ९९९ घेत होते, आताचा दर बघून घ्या. एकट्या पोराला छान.

सहाफुटी
पॉडमध्ये मी झोपलोय. स्वच्छ, एसी, तक्रार नाही. फक्त कूस बदलायची तर आधी ठराव मांडावा लागतो.

हिशोबनीस
बिल नीट बघा. हजाराच्या आतल्या खोलीला पूर्वी जीएसटी नव्हता, जुलै २०२२ पासून १२ टक्के लागला. सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला ५ टक्केच. काउंटरवर अजून बारा लावले तर बोट ठेवा. माझे ९८ रुपये वाचले, त्याची मिसळ खाल्ली.

वरचा_मजला
आमच्या तालुक्याला लॉज माहीतच नव्हतं. आमदार निवास! साहेबांची चिठ्ठी घेऊन जायचं. खोली दोघांची, झोपायचे नऊ. रात्री पाण्याला उठलं की कुणाच्या तरी पोटावर पाय.

शांता_काकू
रंकाळ्याकाठी, टाटाचं वाचून थांबले. आम्ही दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत होतो, ह्यांच्या केमोच्या वेळी. तिथे सगळेच आपल्यासारखे, कुणाला काही सांगावं लागायचं नाही. आजी बऱ्या झाल्या का गं?

रंकाळ्याकाठी
काकू, आम्हीही आधी तिथेच गेलो होतो, जागा नव्हती. आजी पुढे अकरा वर्षं होती. शेवटपर्यंत मला विचारायची, "मुंबईत समुद्र बघितलास का?" बघितलाच नव्हता.

सहाफुटी
मूळ मुद्दा राहिला. फोर्टात साडेनऊला पोचायचं तर दादर कशाला? इस्त्रीचा शर्ट घालून सकाळची लोकल धरणार? सीएसएमटीकडेच बघा, दोनशे जास्त गेले तरी. समोर आरामचा वडापाव आहे.

गॅस_बंद_केला_का
आले. वडापाव इंटरव्ह्यूच्या आधी नको, तेल सांडतं. दादरला मामा काणेंकडे साबुदाणा वडा खा म्हणावं, चमच्याने खाता येतो.

हिशोबनीस
साबुदाणा वडा चमच्याने??

रंकाळ्याकाठी
सहाफुटींचं ऐकलं, सीएसएमटीजवळचा एक लॉज काढला. आत्ताच फोन केला. २४ तास आहे, गरम पाणी सहा ते नऊ. मग विचारलं, "खिडकी आहे का हो?"
"है ना मॅडम, एसी है."