जुनी ॲव्हेंजर २२० घ्यावी का?

परभणीकर: २०१२ची बजाज ॲव्हेंजर २२० (क्रूझर बाइक) बघितलीय, कार्बोरेटरवाली. रोज परभणी-जिंतूर. काय तपासू? अन् लोक अजून हिच्या मागं का?

फिटर_लातूर: बसणीपायी, दादा. सीट खाली, पाय पुढं, मागं १५ इंची जाड टायर. सरळ रस्त्याला राजेशाही. खड्ड्यात मात्र फूटरेस्टवर उठता येत नाही, सगळा दणका माकडहाडाला.

पहिले बॉलरेसर, म्हणजे हँडल फिरतं ते छर्‍यांचं बेअरिंग, बघा. पुढचं चाक उचलून हँडल दोन बोटांनी सावकाश फिरवा. बरोबर मधोमध अडकलं तर वाट्यांत छर्‍यांचे खड्डे पडलेत. नट आवळून भागवणारे भेटतील, ऐकू नका. वरच्या-खालच्या वाट्या अन् छर्रे सगळंच बदला.

ऑइल कूलरच्या (इंजिनचं तेल थंड करणाऱ्या) जाळीत काळी माती वाळून बसली असेल तर उन्हाळ्यात तेल तापून पातळ होतं, इंजिन खडखडतं. मऊ ब्रश, साधं पाणी. प्रेशरच्या धारेनं पत्र्या वाकतात.

जालनेकर: गाडी बरेच दिवस उभी होती का, विचारा. इथेनॉलचं पेट्रोल ओलावा धरतं, पायलट जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक, बुजतं. खूण सोपी: इंजिन गरम असूनही चोक बंद केला की आयडलिंगला (रेस न देता) बंद पडते. जेटमध्ये तार घालू देऊ नका, भोक मोठं होतं अन् ॲव्हरेज जातं. क्लीनर मारून हवेनं फुंकायचं. पेट्रोलचा पाइप तडकलेला असेल तर लगेच बदला.

परभणीकर: चेन?

फिटर_लातूर: मागच्या चक्राचे दात आकड्यासारखे वाकलेत का बघा. असतील तर चेन अन् दोन्ही चक्रं असा पूर्ण सेट, नुसती चेन नको.