मदत हवी आहे: हेडिस-पर्सेफनीची आजच्या अथेन्समधली प्रेमकथा काढतेय, अपहरणाचं काय करू?

रेघोट्या

नमस्कार मंडळी. ग्रीक पुराणांचे नादिष्ट आणि चित्रं काढणारे, दोघांनाही हाक मारतेय.

हौस म्हणून एक कॉमिक काढायला घेतलंय. मोबाइलवर खाली सरकवत वाचायचं, उभ्या पट्टीचं. नायक पाताळाचा राजा हेडिस, नायिका डिमीटरची लेक पर्सेफनी. काळ आजचा, पण गाव अथेन्सच. दोघांना पुण्यात आणून बसवा असं बऱ्याच जणांनी सुचवलं. पण अथेन्समध्ये इतकं काही आयतं मिळतंय की तिथून हलवत नाही.

उदाहरणार्थ इएरा ओदोस, म्हणजे पवित्र मार्ग. केरामिकोसच्या जुन्या दफनभूमीपासून एलेफसिसच्या डिमीटरच्या देवळापर्यंत साधारण २० किमीची वाट. डिमीटरच्या गुप्त विधींची दीक्षा घेणाऱ्यांची मिरवणूक हिच्यावरून जायची. रस्ता आजही त्याच नावाने चालू आहे आणि अथेन्सचं कृषी विद्यापीठ त्याच रस्त्यावर आहे! धान्यदेवीची लेक कुठे शिकते हा प्रश्न मिटला. माझी पर्सेफनी सव्वीस वर्षांची, मातीवर संशोधन करते. डिमीटर एलेफसिसलाच (आजचं एलेफसिना) राहते, बी-बियाण्यांचं दुकान चालवते. गाव आता तेलशुद्धीकरण कारखाने आणि गंजक्या जहाजांचं झालंय, त्यामुळे बाई कायम वैतागलेल्या.

आणि या सगळ्याच्या खाली मेट्रो. नव्वदच्या दशकात केरामिकोसजवळ मेट्रोसाठी खणताना सामूहिक दफनाचा खड्डा लागला होता. इ.स.पू. ४३० च्या सुमाराच्या साथीत गेलेली माणसं. त्यातल्या एका अकरा वर्षांच्या मुलीचा चेहरा शास्त्रज्ञांनी कवटीवरून घडवला आणि तिचं नाव मिर्टिस ठेवलं. तेव्हा माझा हेडिस मेट्रोचा रात्रपाळीचा अभियंता. मेलेल्यांना नदीपार नेणारा नावाडी कॅरन तिकिटाच्या फाटकाशी बसतो, नाणंच घेतो, कार्ड चालत नाही. पाताळाचा राखणदार केर्बरोस फलाटावरचा भटका कुत्रा, डोकं एक पण सावली तीन डोक्यांची.

इथवर मजेत आले. आता गाडी अडलीय ती अशी, की मूळ कथेत तो तिला पळवून नेतो. ती किंचाळते. ते गाळलं तर कथेत काही उरत नाही, ठेवलं तर प्रेमकथा कसली? पळवापळवी काढून नुसती ओळख-मैत्री-प्रेम केलं, तर मग आई कशासाठी आकांत करते? बहुतेक आधुनिक रूपांत लेकीला कोंडून ठेवणारी कजाग बाई करून डिमीटरच्या माथी सगळं मारतात. मला ते करायचं नाही.

दुसरं, वेबटून या कॉमिकच्या अॅपवर याच जोडीची एक मालिका प्रचंड गाजली, 'लोअर ऑलिंपस'. ती वाचूनच मला हे सुचलं. मग माझं काम नक्कल ठरेल का? पैसे घेणार नाहीये.

तिसरं, फुग्यांमध्ये देवनागरी बसवताना रडकुंडीला येतेय. कुणी केलंय का?

पोटमाळा

मदत नाही, शंका आहे. हेडिस हा डिमीटरचा सख्खा भाऊ ना? म्हणजे पर्सेफनीचा मामा. आणि तिचा बाप झ्यूस, त्याचाही भाऊ, म्हणजे काका. एकच माणूस मामा, काका आणि नवरा. पत्रिकेत लिहायचं काय?

रेघोट्या

@पोटमाळा, हसून घ्या. नातं गाळलंय. माझ्या कॉमिकमध्ये झ्यूस, समुद्राचा पोसायडन आणि हेडिस घराण्याने भाऊबंद नाहीत, एका जुन्या कंपनीतले तीन भागीदार आहेत. आभाळ, समुद्र आणि जमिनीखालचं काम चिठ्ठ्या टाकून वाटून घेतलेले. चिठ्ठ्यांचं मात्र मूळातलंच आहे.

तिसरी_घंटा

आपल्याकडे रुक्मिणीहरण आहेच की. पळवून नेणं हीच तिथे प्रेमकथा. तसंच दाखवा, वाचकाला पटेल.

जुनी_वही

@तिसरी_घंटा, नाही हो. रुक्मिणीने स्वतः पत्र पाठवून कृष्णाला बोलावलं होतं. पर्सेफनीने कुणालाही पत्र धाडलं नव्हतं. ती मैत्रिणींबरोबर फुलं वेचत होती. दोन्ही एका पारड्यात टाकलं तर धागाकर्तीची अडचण सुटत नाही, नुसती झाकली जाते.

रेघोट्याताई, तुम्ही होमरच्या नावावर असलेलं डिमीटरचं स्तोत्र मुळातून वाचलंय का? म्हणजे सारांश नव्हे, पूर्ण. पाचशेच्या आतबाहेर ओळी आहेत, एका बैठकीत होतं. साधारण इ.स.पू. सातव्या-सहाव्या शतकातलं. गंमत म्हणजे शेकडो वर्षं ते हरवलेलंच होतं, १७७७ साली मॉस्कोत एकुलती एक हस्तलिखित प्रत सापडली. १९१४ चं इंग्रजी भाषांतर आता हक्कमुक्त आहे, जालावर फुकट मिळेल.

वाचताना पहिली गोष्ट ही दिसेल की गुन्हेगार एकटा हेडिस नाही. बापाने, झ्यूसने, परस्पर लग्न ठरवलंय. आईला विचारलेलं नाही, मुलीला तर नाहीच. ज्या नार्सिससच्या फुलाला ती भुलते, ते शंभर तुऱ्यांचं फूल पृथ्वीने झ्यूसच्या मर्जीवरून मुद्दाम उगवलेलं आहे. सापळाच. आई नऊ दिवस मशाली घेऊन, न खाता, न न्हाता हिंडते. मग सूर्य, हेलिओस, तिला खरं सांगतो आणि वर समजूत घालतो: जावई काही वाईट नाही, तुझाच भाऊ, जगाचा तिसरा हिस्सा त्याच्याकडे. थोडक्यात, स्थळ चांगलं आहे, कशाला रडतेस! हा संवाद मराठी वाचकाला समजावून सांगावा लागणार नाही. कुठल्याही लग्नघरातला मध्यस्थ आठवा.

म्हणजे तुमची डिमीटर लेकीच्या प्रेमाच्या आड येत नाहीये. तिला न विचारता केलेल्या व्यवहाराविरुद्ध ती संपावर गेलीय. पीक बंद, नैवेद्य बंद, देवांचीही उपासमार. झ्यूस आधी निरोप्या देवी इरिसला पाठवतो, मग एकेक करून सगळ्या देवांना. ही बाई हलत नाही.

आता प्रेमाला जागा कुठे आहे ते. शेवटाकडे देवांचा दूत हर्मिस, तिला सोडण्याचा निरोप घेऊन पाताळात येतो. हेडिस नुसत्या भुवयांनी हसतो आणि तिला म्हणतो, जा आईकडे. शिवाय सांगतो की मी नवरा म्हणून काही कमी नाही, इथे असशील तेव्हा सगळ्यांवर तुझी सत्ता चालेल. ती आनंदाने उडी मारून उठते. तेवढ्यात तो इकडेतिकडे बघून चोरून तिला डाळिंबाचा दाणा देतो. एकच दाणा. कवी सांगतो तेव्हा जबरदस्तीचा शब्द काढत नाही. पण वर गेल्यावर आई विचारते, तिथे काही खाल्लंस का? (खालचं काही खाल्लं की दरवर्षी परत खाली जावं लागणार.) तेव्हा लेक म्हणते, त्याने माझ्या मनाविरुद्ध, जोर करून खायला लावलं.

कवीने पाहिलेलं आणि लेकीने आईला सांगितलेलं जुळत नाही. का जुळत नाही, हे स्तोत्र सांगत नाही. तुमचं कॉमिक तिथे आहे. अपहरणाला प्रेम म्हणू नका, ते अपहरणच राहू दे. आणि त्यानंतरच्या महिन्यांत खाली काय घडलं, ज्याबद्दल स्तोत्र अवाक्षर काढत नाही, ते काढा.

पुढे ओव्हिड या रोमन कवीने तर आणखी वेगळं केलं. त्याच्याकडे जागा सिसिली, दाणे सात, आणि फळ तिने स्वतःच बागेत हिंडताना तोडलेलं. कुणी पाहिलं नाही असं तिला वाटतं, पण पाताळातलाच अस्कालाफस चुगली करतो आणि शिक्षा म्हणून घुबड होतो. स्तोत्रात ती वर्षाचा तिसरा भाग खाली राहते, ओव्हिडकडे निम्मं वर्ष.

रेघोट्या

बाप रे. सारांशांवर भागवत होते, ही विसंगती कुठल्याच सारांशात नव्हती. संप हा शब्द तर तुमच्याकडून उचलते. अथेन्स आणि संप यांचं जमतंही छान.

मग आता असं डोक्यात आलंय: झ्यूस कंपनीचा अध्यक्ष, तो तिला न विचारता तिची नेमणूक बोगद्यांतल्या मातीच्या तपासणीवर करतो. करारावर सही बापाची. हेडिसला वाटतं की ती राजीखुशीने आलीय. पहिल्याच रात्री तिला कळतं, आणि ती किंचाळते.

जुनी_वही

"हेडिसला माहीत नव्हतं" ही पळवाट वाटतेय. मूळात त्याला सगळं माहीत आहे, रथ तोच हाकतोय. त्याला थोडं तरी दोषी ठेवा. वाटल्यास त्याने विचारायला हवं होतं आणि सोयीस्करपणे विचारलं नाही, असं. म्हणजे पुढे त्याला काहीतरी निस्तरावं लागेल आणि नायक म्हणून काम मिळेल. नाहीतर उंच, गप्प, काळा कोट एवढंच उरतं.

चिंचोके

चित्रांच्या बाजूने थोडं. उत्तर ग्रीसमधल्या व्हर्जिनाच्या राजघराण्यातल्या थडग्यात या प्रसंगाचं भित्तिचित्र आहे, १९७७ साली सापडलेलं. जालावर फोटो मिळतात. हेडिस एका हाताने लगाम धरून रथात, दुसऱ्या हातात ती, तिचे दोन्ही हात मागे फेकलेले, खाली एक मैत्रीण भीतीने आक्रसलेली. आणि वेगळ्या भिंतीवर डिमीटर, एकटी, खडकावर बसलेली. माझं मत, त्या भिंतीची चौकट जशीच्या तशी घ्या. उभ्या पट्टीत वर गोंधळ, मग बराच वेळ बोट सरकवत राहावं इतकी रिकामी जागा, मग ही बसलेली बाई.

याच प्रसंगाचं बर्निनीचं संगमरवरी शिल्प (१६२१-२२) सगळेच वापरतात, मांडीत रुतलेली बोटं वगैरे. कौशल्य अफाट, पण तुमच्या कथेला नको. त्यात नजर पळवणाऱ्याच्या बाजूची आहे.

उलट दक्षिण इटलीतल्या लोक्री गावच्या मातीच्या पाट्या पाहा, इ.स.पू. पाचव्या शतकातल्या. तिथे पर्सेफनीला लग्नाशी जोडलेली देवी म्हणून पुजायचे. काही पाट्यांवर पळवून नेणं आहे, आणि एका प्रसिद्ध पाटीवर दोघं शेजारीशेजारी सिंहासनावर. पुढे ती, पलीकडे तो. तिच्या हातात कोंबडा आणि धान्याच्या लोंब्या. पाहुणी म्हणून टेकलेली नाही, मालकीण म्हणून बसलीय. शेवटच्या भागाचं चित्र तुम्हाला तयारच आहे.

आणि कृपा करून हिवाळ्यात अथेन्सवर बर्फाचे ढीग काढू नका. तिकडे धान्य ऑक्टोबर-नोव्हेंबरात पावसाबरोबर पेरतात आणि मे-जूनच्या सुमारास कापतात. स्तोत्रात ती वसंतात परत येते हे खरं, पण काही अभ्यासकांचं म्हणणं आहे की ती खाली असते तो काळ म्हणजे कोरडा उन्हाळा, बियाणं रांजणात भरून जमिनीत पुरून ठेवण्याचा. तुमच्या डिमीटरचा संप ऑगस्टमध्ये दाखवलात तर पिवळं पडलेलं गवत, तापलेला डांबरी रस्ता आणि गारवा फक्त खाली मेट्रोत. वाचकच म्हणेल, जा बाई खाली!

कलम_बावन्न

नकलेच्या प्रश्नाचं उत्तर. मी तुमचा वकील नाही, सर्वसाधारण सांगतो.

पुराणकथा कुणाच्याही मालकीची नाही. हेडिस-पर्सेफनी आजच्या काळात आणणं या कल्पनेवरही कुणाचा हक्क नाही. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या १९७८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटलंय: संरक्षण कल्पनेला नाही, तिच्या मांडणीला. पण मांडणीत बरंच काही येतं. त्या मालिकेतली पात्रं ज्या रंगांत, ज्या चेहऱ्यांत ओळखू येतात ते, तिथले नवे प्रसंग, जोडकथा, संवाद, हे सगळं तिच्या लेखिकेचं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने कर्त्याच्या हयातीनंतर ६० वर्षं. "पैसे घेत नाही" एवढ्याने आपोआप सुटका होत नाही, हा गैरसमज फार पसरलाय.

तुम्ही मेट्रो, कृषी विद्यापीठ, बियाण्यांचं दुकान आणलंय, ते तुमचं. एकच तपासा: त्या मालिकेतल्यासारखी तुमची पर्सेफनी गुलाबी आणि हेडिस निळा आहे का?

रेघोट्या

...होती. निळा तर अगदी निळा. आता तिला मातीचे तांबूस रंग देते आणि त्याला मेट्रोच्या दिव्यातला फिकट पिवळा. चिंचोके, ऑगस्टचा सल्ला शिरसावंद्य.

जुनी_वही, हेडिसला दोषी ठेवतेय. करार त्याच्या टेबलावर आठवडाभर पडून होता, त्याने तिला एक फोन केला नाही, असं. डाळिंबाचा प्रसंग दोनदा काढणार. एकदा जसा घडला तसा, शब्दांशिवाय. दुसऱ्यांदा ती आईला दुकानात सांगते तसा. दोन्हीत फक्त हात वेगळे.

अक्षरांचं कुणी सांगेल का?

पोटमाळा

आता खरी मदत करतो, हे माझं रोजचं काम आहे. पट्टीची रुंदी ८०० पिक्सेल धरत असाल तर अक्षर इंग्रजी कॉमिकपेक्षा मोठं ठेवा. आपल्याकडे वर वेलांटी-रफार, खाली उकार, त्यामुळे ओळींतलं अंतरही जास्त लागतं. नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेत घुसतो. फुगा आधी काढून त्यात मजकूर कोंबू नका. आधी मजकूर बसवा, मग भोवती फुगा. हाताने लिहिल्यासारखा फाँट हवा तर कलम बघा, फुकट आहे. जाड आरडाओरड्यासाठी बालू. रंगवायच्या प्रोग्रॅममध्ये जोडाक्षरं फुटत असतील तर मजकूर इंकस्केपमध्ये करून चित्र म्हणून वरच्या थरावर आणा, पण मूळ फाइल जपून ठेवा, शुद्धलेखनाच्या चुका छापल्यावरच दिसतात.

आणि किंचाळी फाँटमध्ये टाकू नका. ती हाताने काढा, फुग्याबाहेर, चौकट मोडून.