झिजलेल्या खुब्याला संपूर्ण विश्रांती नको
अकरा वर्षांच्या लॅब्राडॉरचे खुब्याचे सांधे झिजले आहेत म्हणून त्याचे फिरणे बंद करावे का, या प्रश्नावर अनेकांचा कल विश्रांतीकडे दिसतो. मला ते पटत नाही. झिजलेल्या सांध्याला आधार देण्याचे काम मांड्यांचे स्नायू करतात, आणि कुत्रा बसून राहिला की नेमके तेच आटतात, त्यामुळे उठणे आणखी अवघड होत जाते. एका लांब फेरीऐवजी दिवसातून तीन-चार वेळा, थोडा थोडा वेळ, पट्टा धरून संथ चालवावे. चेंडूमागे धावणे आणि जिने मात्र टाळावेत.

आपल्या घरांतील गुळगुळीत फरशी ही खरी मोठी अडचण असते आणि तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. बिछान्यापासून दारापर्यंत न सरकणाऱ्या चटया अंथराव्यात, पंजांच्या गाद्यांमधले केस व नखे वेळेवर कापावीत. वजन जास्त असल्यास ते उतरवावेच.

कृपा करून माणसांसाठीची आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामके त्याला देऊ नका; त्यांनी जठरात व्रण होतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. मागचे पाय अचानक लुळे पडले, तर तो मणक्याचा आजार असू शकतो. अशा वेळी त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्यावे.