चावी काढली की स्टिरिओ सगळं विसरतो, वायरिंगमध्ये काय चुकलं?

भटक्या:
दादा लोकांनो मदत करा. जुन्या गाडीत नवा स्टिरिओ घरीच बसवला, गाणी मस्त वाजतात पण चावी काढली की घड्याळ, सेव्ह केलेली स्टेशनं सगळं गायब, रोज सकाळी परत सेट करत बसतो. युनिटच खराब निघालं का?

वायरवाला:
युनिट बरं आहे हो, पिवळी आणि लाल वायर उलटी लागलीये. पिवळीला कायम १२ व्होल्ट हवेत, मेमरी त्यावरच टिकते, आणि लालला चावी फिरवल्यावरच सप्लाय यायला हवा. काही गाड्यांच्या कपलरमध्ये (वायरी जोडायचा प्लास्टिकचा प्लग) या दोन जागा अदलाबदल असतात म्हणून नुसत्या रंगावर जाऊ नका, मल्टीमीटर (व्होल्ट मोजायचं मीटर) लावा, चावी काढल्यावरही जिथे १२ दिसतात ती पिवळीला जोडा.

भटक्या:
दोन्ही कायमच्या सप्लायलाच दिल्या तर?

वायरवाला:
अजिबात नको, स्टिरिओ चालू राहून बॅटरी उतरेल.

घाटमाथा:
काम करताना आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. आणि स्पीकरची काळ्या पट्ट्याची वायर बॉडीला अर्थ करू नका, माझ्या मित्राने केली आणि युनिटमधला ॲम्प (आवाज वाढवणारा भाग) गेला, फार वाईट वाटलं. जोड पिळून नुसती टेप पण नको, उन्हाळ्यात तिचा डिंक सुटतो, सोल्डर करून हीट श्रिंक (गरम केली की आवळून बसणारी नळी) चढवा.

भटक्या:
मीटर लावला, खरंच उलटीच होती! बदलली, घड्याळ टिकतंय. मनापासून आभार, टेपचे जोड रविवारी नीट करतो.